खुर्ची नसताना आघाडी काय करते

छोट्या शहराच्या राजकारणात आघाडी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर निवडणुकीच्या तोंडावर उभारलेला मंडप येतो, एखाद्या पुढाऱ्याचे छायाचित्र येते आणि ‘शहर’, ‘विकास’, ‘जनशक्ती’ अशा शब्दांची जुळवाजुळव करून ठेवलेले नाव येते. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. महाराष्ट्रातील नगरपरिषदांमध्ये स्थानिक आघाड्यांनी पक्षांच्या बरोबरीने, आणि काही शहरांत पक्षांना बाजूला सारून, वर्षानुवर्षे कारभार केला आहे. असे असूनही आघाडीचे मूल्यमापन आपण फक्त मतमोजणीच्या दिवशी करतो, ही गोष्ट मला फार दिवसांपासून खटकत आली आहे. सभागृहात एकही जागा नसताना, किंवा सभागृहच अस्तित्वात नसताना आघाडी काय करते, यावर तिची पारख व्हायला हवी. २०२१-२२ पासून डिसेंबर २०२५ पर्यंत राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदा प्रशासकांच्या हाती होत्या. त्यामुळे ही पारख करण्याची संधी कधी नव्हे ती आपल्याला मिळाली आहे.

आघाड्या मुळात का निघतात, हे आधी पाहिले पाहिजे. आपल्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची होते. नगरपरिषदेतही पक्षचिन्ह चालते, पण तिथला मतदार उमेदवाराला बहुधा घरून ओळखतो आणि पक्षाच्या ओळखीला त्यामानाने कमी महत्त्व देतो. शिवाय आमदाराची अडचण वेगळीच असते. शहरातील दोन्ही गट विधानसभेला त्याच्याबरोबर असतात, मग नगरपरिषदेला एका गटाला पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा ए-बी फॉर्म देऊन दुसऱ्याला दुखवायचे कशाला, असा विचार तो करतो. काँग्रेसचा जोर होता त्या काळात कितीतरी गावांत काँग्रेसचेच दोन गट दोन आघाड्या करून एकमेकांविरुद्ध लढत, आणि निकालानंतर दोघेही काँग्रेसचेच राहत. साताऱ्यात खासदार उदयनराजे भोसले यांची सातारा विकास आघाडी आणि शिवेंद्रसिंहराजे भोसले यांची नगर विकास आघाडी यांची लढत शहराने अनेक वर्षे पाहिली, तेव्हा दोघांच्याही पक्षाचे नाव मागे पडलेले असे. कराडमध्ये जनशक्ती, लोकशाही ही नावे पक्षांच्या नावांइतकीच लोकांच्या तोंडी बसलेली आहेत.

या आघाड्या मोठ्या नेत्याच्या सावलीत वाढलेल्या असतात. त्यांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही, कारण त्यांनीही शहरांना चांगले नगराध्यक्ष दिले आहेत. परंतु नेत्याने पक्ष बदलला की आघाडीची दिशा बदलते आणि दोन नेते एकत्र आले की दोन आघाड्यांपैकी एकीचे कारणच उरत नाही, ही त्यांची मर्यादा आहे. मला ज्यांच्याविषयी लिहायचे आहे त्या आघाड्या दुसऱ्या जातीच्या आहेत. त्या एखाद्या प्रश्नातून उगवतात. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते, विकास आराखड्यात शाळेच्या मैदानावरचे आरक्षण उठवले जाते, कचरा डेपोचा धूर वस्तीत शिरतो, आणि मग निवृत्त शिक्षक, एखादी डॉक्टर, दोन व्यापारी, रिक्षाचालक, महिला बचत गटाच्या चार जणी असे लोक निवेदने देता देता एकत्र येतात. काही महिन्यांनी त्यांच्या लक्षात येते की निवेदनावर शेरा मारणारे लोक सभागृहात बसतात आणि तिथे आपले कोणी नाही. आमच्या गावातील आघाडी अशीच निघाली, आणि तिच्या बैठकांना मी पहिल्यापासून बसत आले आहे. ती अजूनही लहान आहे.

अशा आघाडीपुढची पहिली अडचण कायद्याची आहे आणि तिची कल्पना पुष्कळ कार्यकर्त्यांनाही नसते. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ या कायद्यात आघाडी किंवा फ्रंट या संज्ञेची व्याख्या आहे. स्थानिक निवडणुकीत उमेदवार उभे करण्यासाठी एकत्र आलेल्या व्यक्तींचा गट म्हणजे आघाडी. याचा अर्थ पक्षांतरबंदीच्या बाबतीत कायद्याने आघाडीला पक्षाच्याच रांगेत बसवले आहे. तिचा गटनेता असतो, त्याचा व्हीप म्हणजे कसे मतदान करायचे याचा आदेश निघतो, आणि पूर्वपरवानगीशिवाय व्हीपविरुद्ध मतदान करणाऱ्या नगरसेवकाला पंधरा दिवसांत माफ केले नाही, तर त्याच्यावर अपात्रतेची टांगती तलवार येते. नगरपरिषदेच्या बाबतीत त्याचा निर्णय जिल्हाधिकारी करतात. जो खरोखरच अपक्ष म्हणून निवडून आला आहे तो नंतर एखाद्या पक्षात किंवा आघाडीत गेला, तर त्याचेही सदस्यत्व जाऊ शकते. याला एक वाट ठेवलेली आहे. निकालाच्या अधिसूचनेपासून एका महिन्याच्या आत नगरसेवकांना एकत्र येऊन आघाडी नोंदवता येते आणि ती मग निवडणूकपूर्व आघाडीसारखीच मानली जाते. विषय समित्यांवरील जागा पक्षांच्या आणि गटांच्या संख्याबळाप्रमाणे वाटल्या जातात, म्हणून त्या एका महिन्यात छोट्या शहरांत केवढी धावपळ चालते हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात फ्रोम नावाचे एक लहान गाव आहे. तिथे ‘इंडिपेंडंट्स फॉर फ्रोम’ या नावाने एकत्र आलेल्या नागरिकांनी २०११ साली नगरपरिषदेच्या १७ पैकी १० जागा जिंकल्या आणि २०१५ साली सगळ्याच्या सगळ्या १७. त्यांच्यात व्हीप नव्हता. चर्चा कशी करायची, मतभेद कसे मांडायचे, याचे काही संकेत त्यांनी आपापसांत ठरवून घेतले होते, पण मत ज्याचे त्याने आपल्या बुद्धीने द्यायचे. हे वाचले तेव्हा मला त्याचे फार आकर्षण वाटले, आणि आमच्या बैठकीत मी ते मांडलेही. तिथे एका ज्येष्ठ वकिलांनी शांतपणे विचारले, “ताई, इकडे व्हीप नसेल तर पहिल्याच समितीच्या निवडीला आपले किती जण आपल्याबरोबर राहतील?” हा प्रश्न गैर नव्हता. नगराध्यक्षाची निवड नगरसेवकांतून होत असे तेव्हा निवडीआधी नगरसेवकांना सहलीवर नेऊन ठेवण्याचा प्रकार आपण सर्वांनी पाहिलेला आहे. व्हीप हे लहान आघाडीचे संरक्षण आहे, हे मान्य करावे लागते. परंतु ज्या लोकांनी पक्षातील हुकूमशाहीला कंटाळून आघाडी केली, त्यांनी गटनेत्याच्या सहीने तीच हुकूमशाही परत आणू नये, म्हणून व्हीप कोणत्या विषयांवर काढायचा आणि कोणत्या विषयांवर प्रत्येकाला मोकळीक ठेवायची, हे आघाडीने निवडणुकीआधी लिहून जाहीर करायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

कायदा आघाडीला व्हीपपुरते पक्षासारखे वागवतो, चिन्हाच्या बाबतीत मात्र तसे नाही. राज्य निवडणूक आयोगाकडे पक्ष म्हणून नोंदणी नसलेल्या आघाडीचे उमेदवार मतपत्रिकेवर अपक्षच असतात आणि त्यांना मुक्त चिन्हांतून चिन्ह घ्यावे लागते. एका प्रभागात कपबशी, शेजारच्या प्रभागात नारळ, नगराध्यक्षाच्या उमेदवाराला तिसरेच काहीतरी. नगरपरिषदेच्या प्रभागात सामान्यतः दोन सदस्य निवडायचे असतात, वर नगराध्यक्षाचे मत. म्हणजे मतदाराला तीन बटणे दाबायची आहेत आणि तिन्ही ठिकाणी आघाडीचे चिन्ह वेगळे असू शकते. पक्षाचा उमेदवार एकच चिन्ह तीन वेळा सांगतो. आमच्या आघाडीतील बायका घरोघरी जाऊन तीन चिन्हे समजावून सांगत होत्या, तेव्हा म्हाताऱ्या आजींच्या चेहऱ्यावरचा गोंधळ मी पाहिला आहे. त्यावर उपाय म्हणजे पक्षाची नोंदणी करणे. पण नोंदणीबरोबर हिशेब येतो, लेखापरीक्षण येते, आयकर विवरणपत्र येते. ही कागदपत्रे दिली नाहीत म्हणून राज्य निवडणूक आयोगाने २०१६ साली १९१ पक्षांची नोंदणी रद्द केली होती. लहान आघाड्या याला घाबरतात. मला मात्र वाटते की वर्षाचा हिशेब देण्याची सक्ती ही आघाडीला मिळालेली सर्वांत चांगली शिस्त आहे. वर्गणी किती आली, सभेच्या मांडवाचे पैसे कोणी दिले, पत्रके कोणी छापून दिली, हे जी आघाडी स्वतःच्या गावाला सांगू शकत नाही, तिने नगरपरिषदेच्या ठेकेदाराची बिले मागू नयेत.

नगराध्यक्षाच्या निवडीबाबत तर नियम सारखे बदलत राहिले. २०१६ साली थेट जनतेतून निवड आली, २०२० साली ती रद्द झाली, २०२२ साली पुन्हा आली. पक्षाला हे सोसते, कारण त्याच्याकडे दोन्ही प्रकारच्या लढतींसाठी माणसे असतात. आघाडीला एका वेळी सगळ्या शहरात ओळखला जाणारा चेहरा शोधावा लागतो आणि पुढच्या वेळी त्याची गरजच उरत नाही. थेट निवडीमुळे दुसराही पेच तयार होतो. कराडमध्ये २०१६ साली नगराध्यक्षपद भाजपकडे गेले आणि सभागृहातील बहुमत जनशक्ती आघाडीकडे. अशी विभागणी झाली की अध्यक्षांना प्रत्येक ठरावासाठी सभागृहाची मनधरणी करावी लागते, आणि काही लोक म्हणतात तसे यामुळे कामे अडतात हे खरे असले, तरी विषयपत्रिका नीट वाचली जाते हेही तितकेच खरे आहे.

आता पैशाचा प्रश्न. प्रचारात आघाडीवर होणारा सर्वांत प्रभावी हल्ला चार शब्दांचा असतो: “तुम्ही निधी कुठून आणणार?” याला उत्तर देणे सोपे नाही. नगरपरिषदांची जकात १९९९ साली बंद झाली आणि तेव्हापासून त्यांच्या हाताशी घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांची भाडी अशी तुटपुंजी साधने राहिली. बाकी सगळे वरून येते. जकातीच्या बदल्यात मिळणारे सहायक अनुदान पगारात जाते. वित्त आयोगाचा निधी ठरलेल्या सूत्राने येतो. पण राज्याची नगरोत्थान योजना, वैशिष्ट्यपूर्ण कामांचे अनुदान, जिल्हा नियोजन समितीतून मिळणारा निधी, या सर्वांची किल्ली मंत्रालयात किंवा पालकमंत्र्यांकडे असते. सत्तेतील आमदार भर सभेत सांगतो की आमचा नगराध्यक्ष द्या, मी निधी देतो, आणि लोकांना ते व्यवहाराचे वाटते. मी याला व्यवहार मानत नाही. तो पैसा नागरिकांच्या करांतून आलेला आहे आणि राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने, म्हणजे १ जून १९९३ पासून, नगरपालिकांना शासनाचा स्वतंत्र स्तर म्हणून स्थान दिले आहे. बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठ्यापासून नगररचनेपर्यंत १८ विषय त्यांच्यासाठी नोंदवलेले आहेत. तरीही आघाडीने घटनेचा दाखला देऊन थांबणे पुरेसे नाही. सूत्राने हक्काचा मिळणारा निधी किती, तो खर्च किती झाला, परत किती गेला आणि घरपट्टीची थकबाकी कोणाकोणाकडे आहे, एवढे चार आकडे जरी तिने प्रत्येक प्रभागात मांडले, तरी “निधी कुठून आणणार” या प्रश्नाची धार निम्मी होते. आमच्याकडे थकबाकीची यादी माहिती अधिकारात काढली, तेव्हा वरच्या नावांत झोपडपट्टीतील एकही घर नव्हते.

सभागृहात एकटा नगरसेवक काय करू शकतो, याचे एक उदाहरण सांगते. मागील कार्यकाळात आमच्या आघाडीची एक नगरसेविका होती, शिवणकाम करणारी, दहावी शिकलेली. पहिल्या काही सभांत ती गप्प बसे. विषयपत्रिकेवर साठ-सत्तर विषय असत, वाचणारा लिपिक नुसता क्रमांक उच्चारी, समोरून “मंजूर, मंजूर” असा आवाज येई आणि तासाभरात सभा संपे. शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ येत, ज्यांचे कागद कोणालाच आधी दिलेले नसत, आणि महत्त्वाचे ठेके नेमके त्यांत असत. तिने पुढच्या सभेपासून एकच गोष्ट धरली. आयत्या वेळी आलेल्या प्रत्येक खर्चाच्या विषयाला ती उभी राहून म्हणे, “टिप्पणी वाचून दाखवा, आणि माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा.” लोक हसत, घड्याळे पाहत, पण नोंद करावी लागे. एका गटाराच्या कामाचे देयक आले तेव्हा तिने मोजमाप पुस्तिकेची प्रत मागून घेतली, दुपारी आम्ही चौघी शिवणकामाची टेप आणि सुतळी घेऊन त्या गल्लीत गेलो, आणि पुस्तिकेत लिहिलेली लांबी व जमिनीवरची लांबी यांत फार मोठा फरक निघाला. तिने नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून तो ठराव थांबवण्याची मागणी केली. सुनावणीला वेळ लागला, पण देयक त्या रकमेने निघाले नाही. त्यानंतर विषयपत्रिकेबरोबर टिप्पण्या मिळू लागल्या. एका मताने बहुमत होत नाही. तरी एका मताने नोंद होते आणि नोंदीला कारकूनही जपून असतो, अधिकारीही.

मग तिचा कार्यकाळ संपला. ओबीसी आरक्षणाविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०२१ चा निकाल, ते आरक्षण देण्याआधी पूर्ण करायच्या तीन अटींची तिहेरी चाचणी, प्रभागरचनेचे बदलते कायदे यांत निवडणुका अडकल्या आणि नगरपरिषदांवर प्रशासक बसले, बहुतेक ठिकाणी मुख्याधिकारी किंवा प्रांताधिकारी. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे असे घटनेचे कलम २४३-यू सांगते. तरीही शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. या काळात सर्वसाधारण सभा आणि स्थायी समिती या दोन्हींचे अधिकार एका अधिकाऱ्याकडे होते. मुख्याधिकारीच प्रशासक असेल तिथे प्रस्तावावर खाली त्याची सही आणि मंजुरीवर वरही त्याचीच. ठराव होत राहिले, निविदा निघत राहिल्या, फक्त कोणी “वाचून दाखवा” म्हणणारे समोर नव्हते.

पक्षांची कार्यालये या काळात चालू होती, कारण त्यांना लोकसभा आणि विधानसभा होती. आघाड्यांना फक्त नगरपरिषद असते, आणि ती नाही म्हटल्यावर कितीतरी आघाड्यांचे फलक उतरले. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण शहराला त्यांची गरज याच वर्षांत सर्वांत जास्त होती. प्रशासकाचे ठराव हे सार्वजनिक दस्तऐवज आहेत. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे ते स्वतःहून प्रसिद्ध व्हायला हवेत, आणि झाले नाहीत तर अर्ज करून मिळवता येतात. त्यासाठी नगरसेवक असावे लागत नाही. आमच्याकडे तीन-चार जणांनी ते काम चालू ठेवले. दर महिन्याला ठरावांच्या प्रती काढायच्या, त्यांतील खर्चाचे विषय साध्या भाषेत एका पानावर लिहायचे आणि ते पान वाचनालयाच्या फलकावर लावायचे, एवढेच. पान वाचायला लोक थांबत. पाइपलाइनच्या एका कामाविषयी त्या पानावरूनच प्लंबर मंडळींनी आक्षेप घेतला, कारण पाइपाचा व्यास पाहून त्यांना जे कळले ते आम्हाला कळले नव्हते. आरक्षण सोडतीत प्रभाग महिलांसाठी राखीव निघाला की ऐन वेळी घरातील स्त्रीला उभे करण्याची जी पद्धत आहे, तिची वेळही आमच्यावर आली नाही. ते पान लिहिणाऱ्यांत बायकाच अधिक होत्या आणि कारभार त्यांना पाठ झाला होता.

डिसेंबर २०२५ मध्ये २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि २१ डिसेंबरला मतमोजणी झाली. संगमनेरमध्ये संगमनेर सेवा समितीने मोठे पक्ष समोर असताना सत्ता मिळवली, तर साताऱ्यात एकेकाळचे दोन विरोधी राजे एका पक्षात असल्याने जुन्या आघाड्यांची लढत राहिली नाही. आमच्या आघाडीला मोजक्या जागा मिळाल्या. नगराध्यक्षपद दुसरीकडे गेले. निवडून आलेल्यांत ते पान लिहिणाऱ्या दोघी आहेत.

या सगळ्यात मला एका गोष्टीची काळजी वाटते. केरळमध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातील किळक्कम्बलम येथे ‘ट्वेंटी२०’ या स्थानिक संघटनेने २०१५ साली ग्रामपंचायतीच्या १९ पैकी १७ जागा जिंकल्या आणि पुढे शेजारच्या पंचायतीही मिळवल्या. लोकांना त्यांनी दिलेल्या सोयी खऱ्या होत्या, पण संघटनेच्या पाठीशी एक वस्त्रोद्योग कंपनी होती. जिचा सगळा भार एका कंपनीवर किंवा एका घरावर असतो त्या आघाडीला नगरसेवक मिळतात, परंतु “हे चुकते आहे” असे आतून सांगणारे मिळणे कठीण जाते. आमच्या आघाडीतही आता एका व्यावसायिकाने कार्यालयाचे भाडे आणि फर्निचर देऊ केले आहे. माणूस सज्जन आहे, हेतूही चांगला असेल. तरीही नगरपरिषदेच्या बांधकाम परवान्यांशी ज्याचा रोजचा संबंध आहे, त्याच्याकडून भाडे घेऊ नये असे मी बैठकीत सांगितले आहे आणि त्यावर अजून एकमत झालेले नाही.

फेब्रुवारीत अर्थसंकल्पाची विशेष सभा होईल. त्याआधी प्रत्येक प्रभागात एक बैठक घेऊन मागील वर्षाचा जमाखर्च लोकांसमोर वाचायचा, लोकांच्या सूचना लेखी घ्यायच्या आणि सभेत त्या दुरुस्त्या म्हणून मांडायच्या, असे आमच्या नगरसेवकांनी कबूल केले आहे. वाचनालयाच्या फलकावरील पान नगरसेवक आल्यामुळे बंद करावे, असे काहींचे म्हणणे होते. ते चालू राहील, आणि यापुढे त्यावर आमच्या स्वतःच्या नगरसेवकांनी कोणत्या विषयावर कसे मतदान केले तेही लिहिले जाईल, असा निर्णय गेल्या रविवारी झाला. त्याला गटनेत्यांचा विरोध होता; मतदान घेऊन तो बाजूला ठेवला.